मीटरची उंची

बावीस वर्षं मी सांगलीतली घरं बाहेरून वाचतोय.
नावाची पाटी नंतर, आधी मीटर.
कुठं महिन्याला चारशे युनिट, दारात दोन गाड्या.
कुठं सहा: म्हणजे एक बल्ब, एक म्हातारं माणूस
आणि फ्रिज बंद करून त्यात ठेवलेली डाळ.
कुठं शून्य. पोरगं पुण्याला, किल्ली शेजारी.

आता आम्हीच घर बघत फिरतोय.
जयमाला मागच्या सीटवर, मांडीवर वही.
वहीत रकाने आखलेत: भाव, शाळा, उन्हं, पाणी, पाणी.
मी म्हटलं, एक खोड.
म्हणाली, एक नळाचं आहे. एक नदीचं.

कुपवाडला स्वस्त मिळत होतं. खिडकी उघडली
तर फौंड्रीचा वास आत आला
आणि आमच्याआधी हॉलमध्ये बसला.
माधवनगरला दोन खोल्या, पुढं पेरूचं झाड,
पण उताऱ्यावर अकरा नावं,
त्यातली तीन एकमेकांशी बोलत नाहीत.

मिरजेला गल्लीत भोपळे वाळत टाकलेले,
दस्तगीरभाईंनी आधीच विचारलं,
"रात्री पोरं तारा लावत बसतात. झोप लागंल का तुमास्नी?"
जयमाला म्हणाली, सुरात असेल तर लागेल.
"सुरात यायलाच तर रात जाती," ते म्हणाले,
आणि चहा सांगितला. घर परवडणारं नव्हतं.
चहा घेतला.

विश्रामबागेत सन्मती मगदूम, एजंट,
खिशात तीन पेनं, तिन्ही वेगळ्या रंगांची.
कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप –
एकाच फ्लॅटचे तीन आकार त्यांनी इतक्या मायेनं सांगितले
की जिना, लिफ्ट आणि समोरचं थोडं आभाळ
आपल्याच नावावर होणार असं वाटायला लागलं.
जयमालानं पर्समधून टेप काढली, ब्लाउजच्या मापाची.
हॉल तेरा फूट भरला. पत्रकात पंधरा.
"दोन फूट भिंतीत गेले, वहिनी."
"मग भिंतीचे पैसे कमी करा."

मग त्यांनीच गावभागातलं घर दाखवलं.
भाव एकतृतीयांशानं खाली, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन.
"इथं पाणी येत नाही," मगदूम म्हणाले, न विचारताच.
मी बोललो नाही. जिन्याखाली गेलो.
मीटर माझ्या डोक्यापेक्षा वर.
जुन्या बोर्डाचे चार स्क्रू खाली, छातीपाशी,
गंजून तसेच.
त्या ऑगस्टनंतर आम्हीच फिरलो होतो या गल्ल्यांतून,
चिखल वाळलेले मीटर उतरवत.
आकडे सगळ्यांचे वेगळे. थांबायची रात्र एकच.
लोक भिंती रंगवून घेतात.
मीटर पुन्हा खाली आणायचं कुणाला सुचत नाही.

मालकीण लिमयेबाई खुर्चीतून म्हणाल्या,
"येतं की! आयर्विनला चाळीस फूट झालं
की गॅस वर नेते. पंचेचाळीसला मी जाते."
मगदूमांनी पेनांकडं बघितलं.
"मग विकताय ते पाण्यामुळंच ना?"
"छे. गुडघे. पाणी उतरतं हो.
मला जिना उतरवत नाही."

येताना जयमाला गप्प.
शंभर फुटीवर सिग्नलला तिनं वही काढली,
माझ्या पाठीवर ठेवून लिहिलं,
पेनचं टोक शर्टातून लागत होतं.
घरी आल्यावर बघितलं.
पाण्याच्या दोन्ही रकान्यांत एकच शब्द:
येतं.

रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली,
मीटर अजून किती वर बसवून मिळतं?
बावीस वर्षं झाली, मला नियम पाठ आहे.
म्हटलं, विचारून सांगतो.